तालमीतला तो फोटो उतरवा

टेम्पो ट्रॅव्हलर पेठेच्या कोपऱ्यावर वळली तरी तालमीतला माझा जोडीदार शंकर दाराच्या पायरीवरून उतरायला तयार नव्हता. एका हातानं दांडी धरलेली, दुसऱ्या हातात तालमीच्या जुन्या जर्सीत गुंडाळलेलं काहीतरी. ड्रायव्हर ओरडला, "उतरा की वो, का मुंबईला येताय?" तेव्हा त्यानं ते गाठोडं माझ्या मांडीवर टाकलं. "तुझ्या आबांचं तेल हाय. कालच कढवलंय. तिकडं थंडीत गुडघं धरलं तर लाव." मग चालत्या गाडीतूनच उतरला, जसा आयुष्यभर उतरत आला होता, आणि मागं न बघता तालमीकडे चालू लागला.

ही २००१ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी बायको सुमन आदल्या वर्षी गेली होती. शाळेत मी ड्रिल मास्तर होतो, तिथून निवृत्त होऊनही काळ लोटला होता. मुलगा प्रसाद टेक्ससमध्ये प्लेनोला एका टेलिकॉम कंपनीत. "बाबा, तिथे एकटे राहून काय करणार?" असं तो दर फोनला विचारायचा. रोज संध्याकाळी मैदानावर जाऊन बसणार, हे माझं खरं उत्तर होतं. पण मुलाला सांगण्यासारखं ते मला वाटलं नाही, म्हणून मी निघालो.

तालमीच्या मोठ्या खोलीत, मारुतीच्या डाव्या हाताला, माझा एक फोटो लावलेला आहे. फोटोत मी एका गोऱ्या माणसाचा पाय मांडीवर घेऊन बसलो आहे आणि खाली पेंटरनं लिहिलं आहे, ‘जर्मन खेळाडूस बरे करून मैदानात उतरविणारे आपले मास्तर’. मैदानात उतरवलं, एवढं खरं. बरं केलं नव्हतं. तो फोटो उतरवावा म्हणून हे लिहितो आहे. शंकर हे तालमीत मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. जे माझ्यासारखे पोराबाळांच्या पाठोपाठ इकडे येऊन राहिले, त्यांच्याही हे वाचनात यावं. मी जे केलं ते इकडे आल्यामुळे माझ्या हातून झालं, असं मी बराच काळ स्वतःला सांगत होतो.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना एवढं सांगायला हवं, की आमच्याकडे फुटबॉल तालमींचा असतो. कुस्तीच्या आखाड्याला लागून फुटबॉलचा संघ, आणि अख्ख्या पेठेची इभ्रत त्या पोरांच्या पायांवर. माझे वडील, आबा, दिवसा गुळाच्या अडतीत तोलार होते आणि संध्याकाळी तालमीत खेळाडूंचे पाय चोळायचे. तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा कढवायचा, उतरवताना कापूर टाकायचा. मुरगळलेला घोटा, आखडलेली मांडी, पोटरीतला गोळा, सगळं त्यांच्या अंगठ्याला ऐकायचं. पण काही पाय ते घेतच नसत. अंगठा एकदा फिरवायचे, थांबायचे, पंच्याला हात पुसायचे आणि म्हणायचे, "हा पाय माझा न्हाई. हा पाय डॉक्टरचा."

मी शाळेत होतो तेव्हा एका फायनलच्या आधी त्यांनी आमच्या सेंटर फॉरवर्डचा पाय असाच खाली ठेवला. टाचेच्या वर जी जाड शीर असते, तिच्यात त्यांना खळगा लागला होता. माझा अंगठा धरून त्यांनी तिथं टेकवला. गव्हाच्या दाण्याएवढा खळगा. "लागलं? ध्यानात ठेव. बोटाला कळलं की तोंडानं सांगायचं." तो उतरला नाही. आम्ही फायनल हरलो. पेठेत म्हणाले, तोलार फितूर झाला. आमच्या कौलांवर दगड पडले, आईला नळावर बायका बोलेनाशा झाल्या. त्या फॉरवर्डची शीर यथावकाश बरी झाली, तो पुढे कित्येक सीझन खेळला, पण आबांना येऊन कुणी तसं म्हणालं नाही. मला त्या दिवसांत आबांची लाज वाटायची. आपण असं नसावं, आपण पोरांना उतरवणारे असावं, हे माझ्या मनात तेव्हाच बसलं असणार.

प्लेनोत घरं मोठी आणि रस्ते रिकामे. माणसं गाडीतून गॅरेजमध्ये आणि गॅरेजमधून गाडीत. मी चालायला निघालो की गाड्या हळू व्हायच्या, यांना काही मदत हवी आहे का ते बघायला. न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्या सप्टेंबरनंतर प्रसाद म्हणाला, "बाबा, जरा काही दिवस एकटे वॉकला जाऊ नका." त्याच सुमारास त्याच्या ऑफिसातली क्यूबिकल्स रिकामी होऊ लागली. दर आठवड्याला कुणीतरी खोका उचलून घरी जायचं. नोकरी गेली तर व्हिसा गेला, व्हिसा गेला तर घर गेलं. तो जेवताना बोलत नसे आणि मी विचारत नसे.

मराठी मंडळाच्या गणपतीला मला पुढच्या रांगेत खुर्ची मिळायची. "काका, बसा ना. काका, कसं वाटतंय अमेरिकेत? छान ना?" उत्तर प्रश्नातच असायचं, मला नुसती मान हलवायची होती. माझी सून स्मिता मनानं फार चांगली. माझा चहा, माझ्या गोळ्या, माझे मोजे, सगळं वेळच्या वेळी. पण फक्त मलाच ठाऊक असावं असं काही त्या घरात, त्या गावात, कुणाला विचारायचं नव्हतं. मायदेशी मी मोठा माणूस होतो असं नाही. तरी गल्लीतून जाताना दोघंतिघं तरी हटकायचे, "मास्तर, रविवारी हाफला कुणाला घेताय?" एवढ्याशा प्रश्नाची माणसाला भूक असते हे मला इथे कळलं. शंकरची बाटली तशीच जर्सीत, कपाटात.

नात सई शनिवारी सॉकर खेळायची. "आजोबा, फुटबॉल म्हणू नका, इथे तो डिफरंट गेम आहे." आईबाप घडीच्या खुर्च्या टाकून बसायचे, ज्यूसची खोकी वाटायचे, आणि चेंडू कुठेही गेला तरी ‘गुड जॉब’ म्हणायचे. पहिला शनिवार मी गप्प बसलो. दुसऱ्या शनिवारी सईच्या पाठीमागून एक मुलगी सरळ गोलकडे निघाली, आणि मी उठून उभाच राहिलो. "अगं मागं बघ! मागं! मोकळी सोडलीस की तिला!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. सईचा चेहरा लाल. "डॅडी, प्लीज टेल हिम टु स्टॉप!"

त्यांचा कोच आमच्याकडे आला. उंच, केस विरळ झालेले, एका घोट्याला पट्टी. हे गृहस्थ काय ओरडतायत, असं त्यानं प्रसादला विचारलं. प्रसादनं ओशाळून सांगितलं, की ती नुसती चेंडूकडे बघते आणि माणूस सोडते, असं म्हणतायत. कोच म्हणाला, "मीही तेच ओरडणार होतो. इथल्या आयांना चालत नाही, म्हणून गप्प राहतो." आणि पुढच्या शनिवारी त्याच्या खुर्चीशेजारी माझ्यासाठी दुसरी खुर्ची होती.

तो होल्गर. जर्मन, व्यावसायिक खेळाडू, मधल्या फळीतला. आमच्या भागात दुसऱ्या दर्जाचा एक छोटा संघ होता, त्याचा कॅप्टन. सकाळी स्वतःची प्रॅक्टिस, शनिवारी पोरींना शिकवणं. सईनं त्याला सांगितलं की आजोबांना सगळे मास्तर म्हणतात, तेव्हापासून तोही मास्तर म्हणू लागला. त्याचं इंग्रजी शिकून आलेलं, माझं शाळेच्या पटांगणावरचं. दोघांचं तोडकं असल्यानं आमचं चांगलं जमलं.

लाइट रेलच्या स्टेशनजवळ त्याचं अपार्टमेंट होतं. मी चालत जायचो. तो एकटाच राहायचा. पाय टीपॉयवर टाकून बसलेला असायचा, आणि एकदा सहज मी त्याची पोटरी हातात घेतली. स्वयंपाकघरातलं खोबरेल नेलं होतं. दाबता दाबता त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "आमच्या क्लबात एक म्हातारा होता. असेच हात." मग माझं जाणं नेमाचं झालं, आणि त्याची सगळी कारकीर्द मी त्याच्या पायांवरून ऐकली.

उजव्या गुडघ्याच्या कातडीखाली काळे ठिपके होते. ते त्याच्या गावचे. कोळशाच्या खाणींचं गाव, आणि मैदान गवताचं नाही, राखेचं. पडलं की खडे कातडीत जाऊन बसायचे. वडील खाणीत कामाला, क्लब खाणीच्या फाटकासमोर, रविवारी मॅच झाली की अख्खी गल्ली क्लबच्या खोलीत. चर्चच्या पलीकडे दुसरा क्लब, त्यांच्याशी बोलणं बंद. मी म्हणालो, "ही तर आमची पेठ." पेठ म्हणजे काय ते त्याला समजावण्यात एक संध्याकाळ गेली.

डाव्या घोट्यावरची शिवण दुसऱ्या डिव्हिजनमधल्या क्लबची. तारुण्य तिथेच गेलं. एकदा ते वर चढले, पहिल्या डिव्हिजनमध्ये, आणि तो एक सीझन मोठाल्या स्टेडियममध्ये बहुतेक बाकावर बसून काढला. वर असताना त्यानं एकच गोल केला, तोही हरलेल्या मॅचमध्ये. "पण माझ्या वडिलांनी तो टीव्हीवर पाहिला," म्हणाला. मग संघ पुन्हा खाली आला आणि त्याला पूर्वेकडच्या एका क्लबनं घेतलं. बर्लिनची भिंत पडल्यानंतरचा काळ. तिथे नडगी मोडली, आत पट्टी आणि स्क्रू बसवले. पट्टी काढायच्या आधी क्लबचंच दिवाळं निघालं. पुढे थोडे दिवस ऑस्ट्रिया.

"ऑस्ट्रियाची खूण कुठंय?" मी विचारलं.

"नाही. तिथे कुणी मला खेळवलंच नाही," म्हणाला, आणि दोघंही हसलो.

मग टेक्सस. प्रत्येक क्लबात त्याला वाटायचं, एक सीझन इथे, मग घरी. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा प्रसादनं ताटातून मान वर केली. "बाबा, हे तर आमच्या सगळ्यांचंच आहे यार." बऱ्याच दिवसांनी तो जेवताना बोलला. होल्गरचा व्हिसाही क्लबला बांधलेला आहे हे ऐकल्यावर त्याला त्या जर्मनाबद्दल आणखी काही विचारावंसं वाटलं नाही, सगळं कळलंच.

मीही तरुणपणी हाफलाच, म्हणजे मधल्या फळीतच, खेळलो. हाफचं काम चेंडू मिळवायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. पेपरात नाव येत नाही. हाफचं खेळणं हाफलाच दिसतं. त्याच्या घरच्या मॅचेस मी बघायला जायचो. एका हायस्कूलचं स्टेडियम, गवतावर त्यांच्या फुटबॉलच्या पांढऱ्या रेघा आणि आपल्याही, एकावर एक. बघणारे थोडेच. मॅच संपली की तो अपार्टमेंटमध्ये विचारायचा, "मास्तर, आज काय चुकलं?" आणि मी सांगायचो. घरी येताना माझी पाठ ताठ असायची.

२००४ चा सीझन संपत आला होता. एका संध्याकाळी दार उघडलं ते हसतच. त्याच्या गावच्या क्लबातून फोन आला होता, राखेच्या मैदानवाल्या. आता मैदानावर गवत होतं, क्लब अगदी खालच्या डिव्हिजनमध्ये गेला होता आणि सेक्रेटरी त्याच्या वर्गातला. जानेवारीत ये, उन्हाळ्यापर्यंत खेळ, मग पोरांचा संघ सांभाळ. पहिला क्लब तोच शेवटचा क्लब. "माझे वडील अजून त्याच कठड्याला टेकून उभे राहतात," म्हणाला. "खाणीच्या धुळीनं छाती गेली आहे, पण रविवारी जातात. त्यांनी मला तिथे एकदा बघावं, बस्स." असं बोलताना तो पायाकडे बघत होता, मी त्याच्याकडे. परत जाणारा माणूस मी इथे पहिल्यांदाच पाहत होतो.

आणि त्याच आठवड्यात त्याची टाच धरली.

संघ सेमीफायनलला पोचला होता. मॅच शनिवारी. क्लबच्या ट्रेनरनं, कॉलेजातून नुकताच आलेला मुलगा होता, टाचेवर हात फिरवून सांगितलं की सोमवारी एमआरआय करू, तोवर खेळायचं नाही. होल्गरनं ते मला सांगितलं. आणि हेही सांगितलं की कॅप्टननं सेमीफायनलला बाकावर बसायचं हे त्याला जमणार नाही. मी घरी गेलो, कपाट उघडलं आणि शंकरची बाटली काढली. झाकण निघेना, किचनमधल्या चिमट्यानं काढलं. लसणाचा आणि कापराचा वास सगळ्या घरात पसरला. स्मिता म्हणाली, "बाबा, स्मोक अलार्म नाही ना वाजणार?"

शुक्रवारी सकाळी मैदानाच्या कडेला मी त्याचा पाय मांडीवर घेतला. स्मिता सईला शाळेत सोडून आली होती, तिनं फोटो काढला. तो हा फोटो. फोटोत मी हसतो आहे. त्यानंतर थोड्याच वेळानं माझा अंगठा टाचेच्या वरच्या शिरेवरून गेला आणि थांबला.

खळगा होता. गव्हाच्या दाण्याएवढा. लहानपणी आबांनी माझा अंगठा धरून जिथे टेकवला होता, अगदी तिथेच.

मला कळलं नाही असं मी आजवर सगळ्यांना वाटू दिलं. मला कळलं होतं. मी अंगठा तिथून काढला आणि पोटरी चोळायला लागलो. जोर लावून, बराच वेळ. शीर गरम झाली, दुखणं बोथट झालं. असं दुखणं बोथट होतंच, त्यात माझं काही कौशल्य नाही. त्यानं उभं राहून चवड्यावर उड्या मारल्या आणि विचारलं, "मास्तर, तुमची बोटं काय म्हणतात?"

त्याला त्या मॅचची गरज नव्हती. नीट विश्रांती आणि उपचार मिळाले असते तर काही महिन्यांत तो बापाच्या समोर, आपल्या मैदानावर उभा असता. हे सगळं मला ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला असं काही विचारत होतं ज्याचं उत्तर फक्त माझ्याकडे होतं. एका बाजूला शिकलेला ट्रेनर, आणि हा माणूस माझ्याकडे बघत होता. ‘हा पाय डॉक्टरचा’ म्हटलं असतं तर मी पुन्हा घडीच्या खुर्चीवरचा म्हातारा झालो असतो.

"उतर," मी म्हणालो. "काही होत नाही."

फोटोची प्रिंट स्मितानं दुपारीच आणली. त्याच संध्याकाळी मंडळातलं एक जोडपं सुट्टीला कोल्हापूरला निघालं होतं, त्यांच्या हाती मी ती पाठवली. मागे लिहिलं, ‘जर्मनाची टाच आबांच्या तेलानं उभी केली. उद्या खेळतोय.’ मॅच व्हायची होती. मला तेवढाही धीर नव्हता.

दुखणं गेलं असं त्यानं ट्रेनरला सांगितलं, आणि शनिवारी तो चांगला खेळला. हाफटाइमला त्यानं माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. दुसऱ्या हाफमध्ये, जवळपास कुणी नसताना, तो चेंडूकडे वळला आणि फांदी मोडावी तसा आवाज आला. वरच्या पायरीवर मला ऐकू आला. तो वळून मागे बघायला लागला, कुणी लाथ मारली ते. मागे कुणीच नव्हतं. मग हळूच गवतावर बसला, त्या सगळ्या एकावर एक आखलेल्या रेघांच्या मधोमध.

ऑपरेशन झालं. त्या वयात ती शीर तुटली की पुन्हा व्यावसायिक खेळणं नाही, असं डॉक्टरांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. क्लबनं करार वाढवला नाही आणि हिवाळ्यात व्हिसा संपला. प्रसाद आणि मी त्याला विमानतळावर सोडायला गेलो. कुबड्या, पायात मोठा बूट. आत जाताना त्यानं मला मिठी मारली. "मास्तर, तुम्ही नसतात तर मी ती शेवटची मॅचही खेळलो नसतो. थँक यू." प्रसाद गाडीत म्हणाला, "किती जेंटलमन माणूस." मी खिडकीबाहेर हायवे बघत राहिलो.

त्याचे वडील त्यानंतरच्या वसंतात गेले. तो आता गावच्या क्लबात पोरांना शिकवतो, लंगडतो. दर नवीन वर्षाला फोन करायचा. सई अजून माणूस सोडते का, विचारायचा.

आणि तिकडे कोल्हापुरात फोटोला चौकट लागली. शंकरचा फोन आला होता, आवाजात नुसता गुलाल. "लेका, तालमीचं नाव जर्मनीपतूर नेलंस! काय झालं मॅचचं? जिंकलं काय?"

"हरले," एवढंच मी म्हणालो. ते खरंच होतं.

"असूंदे. उतरवलास न्हवं!"

गोष्ट पेठेत फिरत मोठी होत गेली. मला ती वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू यायची. एकदा तर डॉक्टरांनी पाय कापायला काढला होता आणि मास्तरांनी वाचवला, इथवर. मी दुरुस्त केली नाही. इतक्या लांबून फोनवर काय सांगणार, असं म्हणायचो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

यंदा, २००८ च्या सीझनला, रविवारी सकाळी शंकरचा फोन आला. तिकडे संध्याकाळ, मागे तालमीतला कालवा ऐकू येत होता. आबांच्या नंतर मी पाय चोळायचो, मी इकडे आल्यावर ते काम शंकरकडे आलं. आमचा हाफ विक्रम, फाउंड्रीत कामाला आहे, लहान मुलगी आहे त्याला, त्याची टाच धरली होती. दोन दिवसांवर सेमीफायनल, पलीकडच्या पेठेशी.

"तुझ्या फोटोखालीच बसवून रगडतोय बघ," शंकर म्हणाला. "पोरगं म्हणतंय, मास्तरांनी जर्मन उतरवला, मी तर आपलाच हाय. अजून काय लावू? तेलात काय घालू?"

मी विचारलं, "शंकर, टाचेच्या वर अंगठा फिरव. खळगा लागतोय काय?"

मागचा कालवा तेवढा येत राहिला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "लागतोय की."

"कधीपासनं लागतोय?"

"कालपासनं."

म्हणजे त्यालाही कळलं होतं. त्याच खोलीत, माझ्या हसऱ्या फोटोखाली, तोही अंगठा बाजूला काढून पोटरी चोळत होता.

"उतरवू नकोस त्याला," मी म्हणालो. "हा पाय डॉक्टरचा."

"आणि जर्मनाचा कुणाचा होता?" शंकर चिडून म्हणाला. "तुझा तो चमत्कार, आणि आमच्या पोराला डॉक्टर? पेठ काय म्हणंल मला?"

तेव्हा मी सांगितलं. किचनमध्ये उभा राहून, वॉशिंग मशीनच्या आवाजात, सगळं सांगितलं. खळगा, उतर म्हणालो ते, तो आवाज, जानेवारी, कठड्याला टेकलेला बाप. शंकरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आबा असते तर थोबाडलं असतं तुला."

"होय."

"मला बी." आणि फोन ठेवला.

होल्गरला आधी सांगायला हवं होतं. शंकरशी बोलल्यावर मी त्याचा नंबर फिरवला. दर वेळी तो फोन करायचा, मी केलेला हा पहिलाच. आवाज आनंदला. मी त्याला थांबवलं आणि तोडक्या इंग्रजीत, मला जमेल तसं, सांगितलं की माझ्या अंगठ्याला आदल्याच दिवशी कळलं होतं.

त्यानं विचारलं, "मग तुम्ही ‘उतर’ का म्हणालात?"

"तू मला विचारलंस म्हणून," मी म्हणालो. याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पलीकडे पोरांचा आणि चेंडूचा आवाज येत होता. "माझी प्रॅक्टिस आहे," तो म्हणाला. "मुलं थांबली आहेत." आणि फोन बंद झाला. त्यानंतर त्याचा फोन नाही. येईल असं मी धरून चाललेलो नाही.

विक्रम उतरला नाही. सरळ सरकारी दवाखान्यात गेला, पायाला प्लास्टर घातलं. शीर अर्धी फाटली होती, बरी होईल म्हणाले. सेमीफायनल आपण हरलो. शंकरनं कळवलं की लोक माझ्या नावानं खडे फोडतायत. म्हातारा अमेरिकेत बसून संघ फोडतोय म्हणतात. शंकरच्या दारापुढे कुणीतरी फुटका चेंडू आणून टाकला. "तुझ्या आबांचं घर आठवलं," तो म्हणाला. "कौलं शाबूत हायत अजून, पण रात पडायची हाय." आणि हसला. मीही हसलो. आम्ही दोघं किती दिवसांनी एकत्र हसलो कोण जाणे.

प्रसाद विचारतो आहे, की बाबा, तुमच्या ग्रीन कार्डचे पेपर्स भरू का. भर म्हणेन बहुधा. या वयात परत जाऊन कुणाच्या अंगावर पडणार? घर म्हणजे जिथे मला पुढच्या रांगेत खुर्ची मिळते ते, असं इथे आल्यावर वाटायचं. मग वाटलं, जिथे माझा फोटो आहे ते. होल्गरचं घर एका कठड्यापाशी होतं, तिथे एकदा उभं राहायचं, एवढाच त्याचा हट्ट होता, आणि तो माझ्या हातानं मोडला. त्यामुळे घराबद्दल फार काही बोलायचा हक्क मला नाही. एवढंच कळतं, की आबांच्या नावानं जिथे दगड पडले, तिथेच आज माझ्या नावानं लोक चिडले आहेत, आणि ते ऐकून मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा मुलगा असल्यासारखं वाटलं.

तेव्हा शंकर, हे वाचून झालं की फोटो उतरव. चौकट चांगली आहे, दुसऱ्या कुणाला वापर. मागच्या भिंतीवर फिकट चौकोन राहिला असेल, इतक्या वर्षांच्या उदबत्तीच्या धुरातून वाचलेला. तेवढा रंगवू नका.